भीमा खोऱ्यात कोण आलं, कोण गेलं

भीमाशंकरच्या डोंगरात भीमा उगम पावते तिथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. हेच पाणी पुढे सोलापूर जिल्ह्यात पोहोचतं, तोवर आभाळातून पडणारा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलीमीटरवर आलेला असतो. सह्याद्रीने ढग अडवले की त्याच्या पूर्वेला उरतं ते पर्जन्यछायेचं कोरडं पठार. एवढ्या अंतरात दाट सदाहरित झाडी, डोंगरउतारावरची भातखाचरं, मग जिरायत ज्वारीची काळी रानं आणि शेवटी खडकाळ, गवताळ माळ असे थर लागतात. प्रत्येक थरात वेगळी जनावरं, वेगळी पाखरं. निदान पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत तरी हा क्रम बराचसा तसाच होता.

आज याच खोऱ्यात जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या उसात बिबट्या राहतो. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, थव्याने उतरतात. आणि ज्या पक्ष्यासाठी सोलापूरजवळचं नान्नज देशभर ओळखलं गेलं, तो माळढोक तिथे आता क्वचितच दिसतो. बिबट्याची बातमी भीतीची होते, फ्लेमिंगोची कौतुकाची, माळढोकाची हळहळीची. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात, पण त्यांचं मूळ एकच आहे. आपण या खोऱ्यातलं पाणी अडवलं, वळवलं आणि त्या पाण्यामागे जमीन बदलत गेली.

एखादी प्रजाती कुठे राहील हे हवामान ढोबळ मानाने ठरवतं. त्याच्या आत तिला खाणं, आडोसा आणि पिल्लं वाढवायला सुरक्षित जागा लागते. या गरजा जितक्या काटेकोर, तितका तिचा मुलूख लहान. भीमाशंकरचा शेकरू हे याचं चांगलं उदाहरण. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जवळजवळ सगळं आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढतो. फळं, बिया, कोवळी पालवी, साल यांवर जगतो, एकाच टापूत अनेक घरटी बांधतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीला फांदी लागलेली असणं ही त्याची पहिली गरज. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी यांची एकसलग छत्री आहे तिथवर शेकरूचं राज्य. मध्ये रस्ता रुंद झाला, राईतली चार मोठी झाडं तुटली की दोन्हीकडे जंगल दिसत असूनही त्याच्यासाठी त्याचे दोन तुकडे होतात. तिथल्या देवरायांनी ही सलगता पिढ्यान्‌पिढ्या राखली. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं त्याच्या कितीतरी आधीपासून.

झाड तुटलं की आपल्याला कळतं, पण गवत गेल्याचं लक्षातही येत नाही. या लेखात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्या गवताबद्दल.

पश्चिम महाराष्ट्रातला उघडा माळ म्हणजे पूर्वीचं जंगल तोडून उजाड झालेली जमीन, असं आपण शाळेपासून मानत आलो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी ही समजूत फार वेगळ्या मार्गाने तपासली. तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, गाथा, चरित्रं आणि स्थळवर्णनं त्यांनी वनस्पतीशास्त्राच्या नजरेने वाचली आणि त्यांत कोणत्या रानझाडांचे उल्लेख येतात ते टिपलं. सापडलेल्या ४४ वनस्पतींपैकी २७ गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशातल्या निघाल्या. घनदाट अरण्याची खूण सांगणाऱ्या जेमतेम तीन. बाभळी, तरटी आणि गुरं चारायला मोकळं रान हे या पठाराचं किमान साताठशे वर्षांपूर्वीचंही रूप होतं. ही गवताची भूमी मूळचीच आहे.

सरकारी दप्तरात मात्र तिची नोंद पडीक अशी. पडीक म्हटलं की तिचा काहीतरी उपयोग करायला हवा, हे ओघाने आलंच. कुठे औद्योगिक वसाहत, कुठे सौर पॅनेल, आणि काहीच नसेल तर वृक्षारोपण. नान्नजच्या परिसरातही माळावर गिरिपुष्प लावलं गेलं. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड गुरं सहसा तोंडात घेत नाहीत आणि पावसाशिवाय तग धरतं, म्हणून लागवडीला सोयीचं. माळढोकासाठी तीच मोठी अडचण.

उभा राहिला की मीटरभर उंच आणि नर पंधरा किलोपर्यंत जाणारा माळढोक उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. त्याची सगळी सुरक्षितता त्याच्या नजरेत असते. लांडगा, खोकड, कुत्रं दुरून दिसलं पाहिजे, म्हणून त्याला गुडघ्याच्या वर न जाणारं गवत आणि मोकळं क्षितिज लागतं. विणीच्या काळात नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो. ते मादीला दुरून दिसायला हवं, ऐकू यायला हवं. मादी साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. मध्ये झाडांच्या ओळी आल्या की हे सारं गणित बिघडतं. झाडावर बसणारे कावळे आणि शिकारी पक्षी अंड्यापर्यंत पोहोचतात ते वेगळंच.

एकट्या माळावर तो कधीच जगला नाही, हेही सांगायला हवं. पलीकडच्या ज्वारी, करडई, हरभरा, मटकी, हुलग्याच्या जिरायत शेतांत तो नाकतोडे, भुंगेरे टिपायचा, थोडं धान्य खायचा. माणसांचा वावर होता, पण त्याला एक लय होती. पेरणी, खुरपणी, काढणी आणि मग महिनोन्‌महिने शांत रान. मेंढरं येऊन जायची. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली वन विभागाने इथे काही तुकडे चराईपासून राखले. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं पुन्हा उभी राहिली आणि माळढोकांनी तिथे वीण केली. गवत राखलं तर पक्षी येतो हे नान्नजने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

१९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शहरं आली, खासगी शेतं आली. जमीन विकता येईना, कामाला परवानगी मिळेना. माणूस पक्ष्यावर रागावला, आणि तो राग समजण्यासारखा होता. पुढे हे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. पण दरम्यान विहिरी खोल गेल्या, बोअर आल्या, ठिबक आलं. ज्या नान्नजचं नाव माळढोकाशी जोडलेलं, तेच द्राक्षशेतीतही मोठं आहे. नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हे द्राक्षवाण इथेच निवडून वाढवलं. त्या वाणाने दुष्काळी भागातल्या किती घरांत पैसा आणला याला मोजदाद नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. पण द्राक्षबागेत तारा, खांब, फवारणी आणि वर्षभर माणसांची ये-जा असते. तिथे माळढोकाला उतरायला जागाच उरत नाही. त्यात वरून विजेच्या तारा. त्याची नजर दोन्ही बाजूंना दूरवर जाते, थेट समोरचं मात्र नीट दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. आज देशात मोकळ्या रानात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत, त्यातले बहुतेक जैसलमेर भागात.

नान्नजहून वायव्येला, त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, पाण्याने नेमकं उलटं घडवलं. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांच्या कालव्यांनी जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊस वाढवला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. पुरुषभर उंच, आत शिरलं तर चार हातांवरचं दिसत नाही, कडेने पाटाला पाणी. वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आडोसा, पाणी आणि भक्ष्य सारंच एका जागी मिळालं. मादीला पिल्लं घालायलाही फड सोयीचा. दोन-तीन पिढ्या गेल्या की अशा बिबट्यांना जंगलाची आठवण असायचं कारण नाही. ऊसतोड सुरू झाली की टोळीच्या कोयत्यापुढे डोळेही न उघडलेली पिल्लं सापडतात. ती जागेवरच ठेवली तर रात्री मादी येऊन घेऊन जाते, हे जुन्नरच्या वनकर्मचाऱ्यांनी अनेकदा अनुभवलं आहे.

जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी शेजारच्या प्रवरा खोऱ्यात, अकोले तालुक्याच्या शेतशिवारात, कॅमेरे लावून मोजणी केली. जिथे जंगल जवळपास नाही आणि माणसांची वस्ती दाट, तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले आणि जवळजवळ तेवढेच तरस. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावकुत्र्यांचा. बिबट्या ‘जंगलातून भरकटून’ आलेला नाही, हे या मोजणीने पक्कं केलं.

जुन्नर भागात त्याआधीच एक कटू धडा मिळाला होता. २००१ नंतर शेतांतले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लागला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते सतरावर गेले. उपरं, बिथरलेलं, मार खाल्लेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं, तर दुसरं काय होणार? शिवाय ते तिथे थांबेल याची खात्रीही नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला आणि गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीपाशी पोहोचला.

हे लिहिताना मला त्या शिवारातली माणसं विसरता येत नाहीत. संध्याकाळी अंगणात पोराला एकटं सोडता येत नाही, रात्रीची वीज आली की पाणी धरायला उसात जावंच लागतं. बिबट्याने राहण्याची जागा बदलली याची किंमत धोरण आखणारे देत नाहीत. ती देतात वस्तीवरची लहान मुलं, मेंढपाळ आणि ऊसतोड कामगार. शेतीपंपाला दिवसा वीज, गोठ्यांना पक्की जाळी आणि गावाच्या कडेचा कचरा व मोकाट कुत्री यांचा बंदोबस्त, ही बिबट्यावरचीच उपाययोजना आहे. पिंजऱ्याइतकी ती दिसत नाही, म्हणून मागे पडते.

आता उजनी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापूर-इंदापूरकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. पाणी ओसरतं तसा उथळ, चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. कुणी त्यावर गाळपेर करतो. आणि कुंभारगाव-भिगवणच्या बाजूला फ्लेमिंगो उतरतात. त्यांना पाय टेकतील एवढं पाणी आणि चोचीने गाळून घ्यायला कवचधारी जीव, अळ्या, शेवाळ लागतं. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून इथेच येतं आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर पाण्यातली सूक्ष्म जीवसृष्टी फोफावते. पावसाळा लांबला, धरण भरलेलं राहिलं की हे पक्षी उशिरा येतात किंवा कमी येतात. त्यांची वीण इथे होत नाही, ती कच्छच्या रणात. उजनी हा त्यांचा मुक्काम, आणि तो पाण्याच्या पातळीवर अवलंबून.

त्याच पाण्याखाली काय चाललं आहे हे छायाचित्रांत येत नाही. वाहत्या नदीत वाढणारे, पुराबरोबर वर चढून अंडी घालणारे मासे साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत. कटला आणि रोहू हे गंगेच्या खोऱ्यातले, इथे आणून सोडलेले. आफ्रिकेतून आलेल्या चिलापीने तर जाळी भरून टाकली आहेत. गढूळ, प्रदूषित पाणी तिला चालतं, वीण वारंवार, पिल्लांची राखणही करते. काठावरच्या भोई कुटुंबांचं पोट तिच्यावर चालतं हे खरं, पण वडीलधारी माणसं ज्या माशांची नावं घेतात ते मुलांनी पाहिलेलेही नसतात.

बिबट्या, चिलापी, कावळा, गावकुत्रं यांना जवळपास काहीही चालतं. बदल होतो तेव्हा अशांचा मुलूख वाढतो. माळढोक, माळावरचाच तणमोर पक्षी, शेकरू यांना एक ठराविक गोष्टच लागते, आणि ती गेली की त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते. लांडगा या दोहोंच्या मधला. धनगरांच्या वाड्यांमागे फिरत, कधी काळवीट, कधी मेंढरू मारत तो माळावर टिकून आहे. पण माळाच्या कडेने वाढलेल्या कुत्र्यांकडून त्याला रोग लागतात, आणि पुण्याजवळ लांडगा व कुत्रा यांचा संकरही झाल्याचं आढळलं आहे. म्हणजे मुलूख तोच राहून प्राणीच हळूहळू दुसरा होऊ शकतो.

म्हणून ‘दुष्काळी भाग हिरवा झाला’ या वाक्याने मला निखळ आनंद होत नाही. पाणी मिळालेल्या शेतकऱ्याचा आनंद माझाही आहे. पण माळावर खड्डे खणून रोपं लावणं हे पर्यावरणाचं काम नव्हे, हे आपण आता ठामपणे म्हणायला हवं. गावच्या गायरानाची नोंद पडीक ऐवजी गवताळ परिसंस्था अशी व्हावी, चराई पाळीपाळीने चालावी, गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढावं, माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्यात किंवा दुरून दिसतील अशा कराव्यात. यातलं काहीच अशक्य नाही. धनगरांना बाहेर काढून हे करण्याचीही गरज नाही, कारण तो माळ त्यांच्या मेंढरांनीच शतकानुशतकं मोकळा ठेवला आहे.

जैसलमेर जिल्ह्यात माळढोकांचं बंदिस्त प्रजनन २०१९ पासून सुरू आहे. २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. हा प्रयोग असाच पुढे गेला तर कधीतरी त्यांतले काही पक्षी दख्खनच्या माळावर सोडण्याचा विचार होईल. तेव्हा सलग, झाडं न लावलेली, तारांखाली न गेलेली गवताची जमीन सोलापूर जिल्ह्यात किती शिल्लक असेल, ते आत्ता दरवर्षी जून-जुलैत कोणत्या माळावर कोणती रोपं लागतात त्यावरून ठरतं आहे.