अपुरा गेम, आगाऊ पैसे

दुकानातून आणलेल्या नव्या सायकलीचे पुढचे चाक दोन वर्षांनी मिळेल असे घरी आल्यावर कळले, तर कोणीही ती सायकल उचलून परत दुकानात नेईल. व्हिडिओ गेमच्या बाजारात मात्र असा अपुरा माल २०१३ पासून उघडपणे विकला जातो. लाखो लोक तो समजून-उमजून घेतात आणि त्यांतले बरेच जण समाधानीही असतात. या विक्रीला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. गेम तयार होण्याआधीच विकायला ठेवायचा, घेणाऱ्याने तो अपुऱ्या अवस्थेत खेळून चुका कळवायच्या आणि बनवणाऱ्याने आलेल्या पैशांतून उरलेले काम पुरे करायचे, अशी ही पद्धत.

आपल्या घरांतल्या मुलामुलींच्या तोंडी हा शब्द आता रुळला आहे. "अब्बा, हजार रुपये द्या ना, गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आलाय," असे मुलगा म्हणतो. कुणी पालक "काही नको ते खूळ" म्हणून विषय संपवतात, कुणी कटकट नको म्हणून पैसे देऊन मोकळे होतात. पण आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हा त्यातला खरा प्रश्न दोन्ही घरांत विचारायचा राहून जातो. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हापासून अनेकांच्या मनात सगळ्याच गेमची सरमिसळ झाली आहे. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे पैज किंवा जुगार नव्हे, ती खरेदी आहे. खरेदी म्हटली की माल, किंमत आणि शब्द या तिन्हींचा हिशेब आला.

ही पद्धत आली कुठून?

स्वीडनमधल्या मार्कस पर्सन या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये 'माइनक्राफ्ट' अर्धवट असतानाच विकायला सुरुवात केली. आधी घेणाऱ्याला तो स्वस्त मिळे, गेम जसजसा भरत गेला तसतशी किंमत वाढत गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण झाला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. लहान कारागिराला बँक किंवा सावकार गाठल्याशिवाय ग्राहकांच्याच बळावर उभे राहता येते, हे त्यातून साऱ्या जगाला दिसले.

मार्च २०१३ मध्ये संगणकावरील गेमचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान असलेल्या 'स्टीम'ने अर्ली अ‍ॅक्सेसचा स्वतंत्र विभाग उघडला आणि ही पद्धत सर्रास झाली. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला 'पब्जी' संगणकावर आला तोही याच वाटेने. मार्च २०१७ मध्ये तो अपुराच विक्रीला आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पूर्ण म्हणून जाहीर झाला. मोबाइलवरची फुकट आवृत्ती नंतरची.

ज्यांनी शब्द पाळला

या पद्धतीची चांगली बाजू आधी पाहू, कारण ती खरी आहे. बेल्जियममधल्या 'लॅरियन' कंपनीने 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ण किमतीला विकायला काढला. तेव्हा त्यात कथेचा फक्त पहिला अंक खेळता येत होता आणि कंपनीने ते स्पष्ट सांगितले होते. खेळाडूंनी कुठे अडते, काय कंटाळवाणे होते ते कळवले. जवळजवळ तीन वर्षे काम चालले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला पूर्ण गेम त्या वर्षातल्या सर्वांत नावाजलेल्या गेमपैकी एक ठरला.

चेक प्रजासत्ताकातल्या छोट्या चमूचा 'फॅक्टोरिओ' २०१६ मध्ये स्टीमवर आला आणि २०२० मध्ये पूर्ण झाला. या मंडळींनी दर शुक्रवारी आपल्या कामाचा वृत्तान्त लिहिण्याची सवय ठेवली. काय जमले, काय फसले, कोणता विचार सोडून दिला, सगळे त्यात असे. त्यांनी किमतीत कधी सूटही दिली नाही. त्यामुळे 'मी आधी घेऊन फसलो' असे पहिल्या दिवसाच्या गिऱ्हाइकाला म्हणावे लागले नाही. 'हेडीस' आणि 'सबनॉटिका' या गेमच्या गिऱ्हाइकांचा अनुभवही असाच समाधानाचा आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. विक्रीच्या पहिल्या दिवशीच गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी भरीव होते आणि पुढच्या कामाची बातमी त्याला वेळोवेळी मिळत राहिली.

ज्यांच्या बाबतीत घडी विस्कटली

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या 'डबल फाइन' या नामांकित कंपनीने २०१३ मध्ये 'स्पेसबेस डीएफ-९' हा अंतराळस्थानक उभारण्याचा गेम असाच विकायला ठेवला. पुढच्या योजनांची लांबलचक यादी दिली. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, तेव्हा २०१४ मध्ये यादीतल्या अनेक गोष्टी सोडून देऊन त्याच गेमला 'पूर्ण' म्हटले गेले. ज्यांनी यादी वाचून पैसे दिले होते त्यांचा संताप झाला. कंपनीचे दुखणेही खरे होते. काम चालवायला लागणारे पैसे विक्रीतूनच यायचे होते आणि विक्री आटली की पुढचे कामही आटते.

त्याच वर्षी स्टीमने गेम बनवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. भविष्याबद्दल ठाम वचने देऊ नका आणि विक्री जेमतेम झाली तर काम पुरे करणे परवडणार नसेल तर या विभागात येऊच नका, असे त्यांना बजावले.

'आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड' या डायनासोरांच्या गेमचा किस्सा वेगळा. मूळ गेम अपुराच असताना सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने त्याची पुरवणी वेगळे पैसे लावून विकायला काढली. पहिल्या घराला छप्पर नाही आणि मालक गच्चीवरची खोली विकतोय, अशातला तो प्रकार. गेम पुढे पूर्ण झाला, पण त्या पुरवणीवरची नाराजी बरेच दिवस राहिली.

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'ची गोष्ट सर्वांत चटका लावणारी. अग्निबाण बनवून अंतराळात पाठवण्याचा हा गेम मेक्सिकोतल्या एका चमूने अपुऱ्या अवस्थेतूनच वाढवला आणि २०१५ मध्ये पूर्ण केला. कित्येक मुलांना अंतराळशास्त्राची गोडी त्याने लावली. पुढे त्याचे हक्क एका मोठ्या अमेरिकी कंपनीकडे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, किंमत सुमारे ५० डॉलर. दुसऱ्या ग्रहांवरच्या वसाहती, इतर ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मित्रांसोबत एकत्र खेळणे, असा पुढचा नकाशा दाखवला होता. त्यातले वैज्ञानिक प्रयोगांचे प्रकरण तेवढे डिसेंबर २०२३ मध्ये आले. २०२४ मध्ये स्टुडिओच बंद झाला, काम थांबले आणि त्यानंतरही गेम दुकानात विक्रीला राहिला. पहिल्या भागावरच्या प्रेमापोटी ज्यांनी डोळे मिटून पैसे दिले, त्यांचीच निराशा सर्वांत मोठी होती.

डिसेंबर २०२३ मध्ये 'द डे बिफोर' आला. जाहिरातीत दाखवलेले विशाल जग प्रत्यक्षात नव्हतेच. विक्री सुरू होऊन चार दिवस झाले तोच कंपनीने गाशा गुंडाळल्याचे जाहीर केले. गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, एवढेच त्यातले बरे.

देणे-घेणे कोणाचे किती?

"पाटी स्पष्ट लावलेली असते, मग तक्रार कसली?" असे विचारले जाते. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. २०१३ च्या डिसेंबरात आलेल्या 'डेझी'च्या पानावर, हा गेम कच्चा आहे, काम पुढे न्यायला हातभार लावायचा असेल तरच घ्या, असा ठळक इशारा होता. तरी महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या. गेम पूर्ण व्हायला पाच वर्षे लागली आणि तोवर बोलणी खाणे चालूच होते. पाटी वाचूनही माणूस मनातल्या मनात पूर्ण गेमच विकत घेत असतो.

पण इशारा लावला म्हणून विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. पाटीवर 'अपुरा' लिहायचे आणि जाहिरातीच्या चित्रफितीत अजून न बनलेल्या गोष्टी रंगवायच्या, ही दुटप्पी भाषा झाली. महाराष्ट्रात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्यांना हा खेळ चांगला ठाऊक आहे. माहितीपत्रकात बगीचा आणि पोहण्याचा तलाव, ताबा घ्यायला गेले की विटांचा ढीग. म्हणूनच २०१७ पासून महारेरा आले आणि गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन बिल्डरवर आले. गेमच्या बाजारात असे खाते नाही. आज दिलेले पैसे त्याच गेमवर खर्च होतील याची हमी गिऱ्हाइकाला कोणी देत नाही.

आगाऊ पैसे देऊन नंतर माल घेण्याचा प्रश्न आपल्या फिकहातही जुनाच आहे. मदिनेतले लोक खजुरांचे पैसे वर्ष-दोन वर्षे आधी देत. त्या व्यवहाराला मनाई झाली नाही. पण माप, वजन आणि मुदत आधी ठरलेली हवी, अशी अट पैगंबर (स.) यांनी घातली. यालाच 'सलम' म्हणतात. ज्या सौद्यात काय मिळणार आणि केव्हा मिळणार हेच धूसर असते, तिथे 'गरर'चा प्रश्न उभा राहतो. अर्ली अ‍ॅक्सेसचा शरई निर्णय उलेमांनी द्यायचा. पण या कसोट्या कोणत्याही गिऱ्हाइकाच्या कामी येणाऱ्या आहेत : जिन्नस कोणता, किती, केव्हा?

घेणाऱ्याकडेही काही देणे आहे. गेम अपुरा आहे हे माहीत असताना पहिल्याच चुकीवर शिवीगाळ करणे, काम करणाऱ्या तरुणांना धमक्या देणे, हे कोणत्याही किमतीत बसत नाही. स्टुडिओ बंद पडतो तेव्हा गिऱ्हाइकाचे हजार-दोन हजार जातात, कामगाराची नोकरी जाते. शिवाय बंद करण्याचा निर्णय बहुधा त्याने घेतलेलाच नसतो.

घरात काय पाहावे?

स्टीमवर अशा प्रत्येक गेमच्या पानावर बनवणाऱ्यांना ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : अपुरा का विकता, किती काळ लागेल, पूर्ण गेममध्ये वेगळे काय असेल, आज तो कोणत्या अवस्थेत आहे, किंमत पुढे बदलणार का, खेळाडूंना कामात कसे सामील करून घेणार. मुलाने पैसे मागितले तर ही उत्तरे त्यालाच वाचून दाखवायला सांगावीत. भाषा इंग्रजी असली तरी त्याला ती येतेच, नाहीतर गेम कसा कळला? जिथे 'आज काय आहे' याचे उत्तर दोन ओळींचे आणि 'पुढे काय येईल' याचे उत्तर दोन पानांचे, तिथे सावध व्हावे.

शेवटचा बदल कधी झाला तेही पाहावे. वर्षभराहून अधिक काळ ज्यात काम झालेले नाही अशा गेमच्या पानावर स्टीम २०२५ पासून तशी सूचना लावते.

पैसे परत घेण्याची मुदत लक्षात ठेवावी. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. मोडलेले वचन मात्र दोन तासांत कळत नाही, ते कळायला दोन वर्षे लागतात. म्हणून या मुदतीचा उपयोग आजचा माल पारखण्यापुरताच आहे.

आणि सर्वांत कामाचा नियम सोपा आहे. उद्यापासून यात एकही गोष्ट नवी आली नाही, तरी आज जे आहे ते या पैशांच्या मोलाचे आहे का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल घ्यावा, पुढे जे येईल ते वरकड. उत्तर 'नाही' असेल तर थांबावे. पूर्ण झालेला गेम कुठे पळून जात नाही, बऱ्याचदा तो नंतर सवलतीतही मिळतो.

हा हिशेब मुलाने एकदा स्वतः मांडला की तो गेमपुरता राहत नाही. उद्या क्लासची वर्षभराची आगाऊ फी भरताना, हप्त्यावर गाडी घेताना किंवा घराचे बुकिंग करताना, समोरचा माणूस हातात काय देतोय आणि नुसते तोंडाने काय सांगतोय, हे तो वेगवेगळे मोजू लागेल.