रानवाटेवरचा कॅमेरा, भाग ७ : आधी अंतर, मग लेन्स

४०० पुरेल, की ६००च घ्यावी? मागच्या आठवड्यात सेन्सरबद्दल लिहिल्यावर हा प्रश्न येणारच होता. टेली झूम घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण इथेच अडतो. दुकानात, यूट्यूबवर, मित्रांच्या ग्रुपवर सगळी चर्चा मिलिमीटरची होते आणि अंतराबद्दल कोणी विचारत नाही. आपण कुठे उभे राहणार आणि समोरचा पक्षी आपल्याला किती जवळ सहन करणार, एवढं आधी ठरवलं तर निम्म्या लेन्स यादीतून आपोआप गळतात.

नवी मुंबईकराला हे अंतर समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. सीवूड्सजवळची टी. एस. चाणक्यची पाणथळ, नेरुळचा डीपीएस तलाव आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट या तिन्ही जागी तोच रोहित पक्षी तीन वेगळ्या अंतरांवर भेटतो. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण रोहित सीमा पाहून बसत नाहीत, ते पाण्याबरोबर हलतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा थवे तिकडे चरत असतात. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की ते उठतात आणि चाणक्य, डीपीएसच्या उथळ पाण्यात विसाव्याला येतात. म्हणून एकाच बांधावरून एका वेळी नुसते गुलाबी ठिपके दिसतात आणि काही तासांनी डोळ्यांचा रंग ओळखता येतो.

आता हिशेब करू. पक्ष्याची उंची गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची. लहान रोहित साधारण ९० सेंटिमीटर उंच असतो. तो १२० मीटरवर असेल तर ६०० मिमी लेन्सने त्याची प्रतिमा साडेचार मिलिमीटर पडते. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे पक्षी चौकटीच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. जास्तीचे पैसे घालून ८०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स आणली तर प्रतिमा सहा मिलिमीटर होते. पण तोच रोहित भरतीबरोबर ४० मीटरवर आला, तर जुन्या ६००वरच साडेतेरा मिलिमीटर मिळतात आणि पक्षी अर्ध्याहून जास्त चौकट भरतो. लेन्स बदलून प्रतिमा दीडपटसुद्धा झाली नाही, भरतीने मात्र तिप्पट केली. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर याच ४० मीटरवर ४०० मिमीही पुरते: प्रतिमा नऊ मिलिमीटरची, पण सेन्सरच साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास उंच, त्यामुळे रोहित तेवढाच मोठा दिसतो.

भरतीची वेळ हल्ली मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरची जुनी रीत लक्षात ठेवायला सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, आणि पुढे रोज पाऊण तास उशिरा. म्हणून दशमी-एकादशीची सकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते. पाणी चढलेलं असतं, पक्षी जवळ आलेले असतात, आणि खाडी पश्चिमेला असल्यामुळे बांधावर उभं राहिलं की सूर्य पाठीशी असतो. पौर्णिमा-अमावास्येची मोठी उधाणं मात्र दुपारी बाराच्या सुमाराला येतात. तेव्हा तलावात गर्दी सर्वांत जास्त आणि फोटो सर्वांत वाईट, कारण तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असते. या थरथरीत दीडशे मीटरवरचा पक्षी कितीही भारी लेन्सने टिपला तरी कडा वितळल्यासारख्या येतात. लेन्स सॉफ्ट आहे म्हणून ती विकायला काढलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या बहुतेक लेन्सचा काहीही दोष नव्हता. त्याच लेन्सने सकाळी लवकर, वीस मीटरवरचा शेकाट्या टिपून पाहा. तो शार्प आला तर दोष हवेचा. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावून ६००ची ८४० करण्याचा मोह इथेच होतो, पण त्याने थरथरही तेवढीच मोठी होते आणि f/६.३चं f/९ होतं. खाडीवर तो घरीच राहू द्यावा.

हे f/ प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण लेन्सचं वजन आणि किंमत तिथेच ठरते. ६००ला ६.३ने भागलं की ९५ येतात. म्हणजे प्रकाश आत घ्यायला ९५ मिलिमीटरचं तोंड लागतं. सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६००, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनच्या डीएसएलआरसाठी आलेल्या १५०-६०० या सगळ्यांना ९५ मिलिमीटरचाच फिल्टर लागतो, तो याच भागाकारामुळे. ६०० मिमी f/४ची प्राइम लेन्स घ्यायची तर तोंड १५० मिलिमीटरचं होतं आणि किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. तिच्यात f/६.३च्या जवळपास अडीच पट प्रकाश येतो. उघड्या खाडीवर, सकाळी आठच्या उन्हात, हा अडीच पट प्रकाश नसला तरी काही अडत नाही.

अडतं ते कर्नाळ्याला. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या जंगलात पाऊस सुरू झाला की तिबोटी खंड्या दिसू लागतो. हा रायगडचा जिल्हा पक्षी. जेमतेम तेरा सेंटिमीटरचा, पाठीवर निळा-जांभळा, पोटाकडे पिवळा, चोच तांबडी. जूनमध्ये ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो आणि पिल्लांसाठी खेकडे, सापसुरळ्या, बेडूक आणतो. बारा मीटरवरून ६०० मिमीने त्याची प्रतिमा साडेसहा मिलिमीटर येते, जी पुरेशी आहे. पण वर झाडांची छत्री, त्यावर ढग, आणि घड्याळात सकाळचे दहा असूनही संध्याकाळसारखा अंधार. f/६.३ पूर्ण उघडून, आयएसओ ६४००वर नेऊनसुद्धा शटर १/१००च्या आसपास रेंगाळतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळतं, पक्ष्याची हालचाल नाही. म्हणून इथे तो फांदीवर स्थिर असेल तेवढ्याच क्षणी बर्स्ट मारायचा आणि पंख उघडे मिळाले नाहीत तरी समाधान मानायचं. ८०० मिमीला f/९वर उघडणाऱ्या झूममध्ये f/६.३च्या निम्माच प्रकाश येतो. खाडीवर ती लेन्स मजेत चालेल, पण पावसाळी कर्नाळ्यासाठी मी ती सुचवणार नाही.

आणि याच पक्ष्यामुळे मला लांब लेन्सचं खरं काम फार महत्त्वाचं वाटतं. घरट्याजवळ माणसं दाटली की खंड्या चोचीत सापसुरळी धरून फांदीवर बसून राहतो, बिळाकडे जात नाही. आत पिल्लं उपाशी असतात. बाहेर शटर कडकडत असतात, कारण चोचीत भक्ष्य घेतलेला फोटो सगळ्यांना हवा असतो. त्या फोटोतला पक्षी खरं तर अडकून पडलेला असतो. चोचीत भक्ष्य घेऊन तो जागेवरच थांबला आहे असं दिसलं की मागे सरकावं, आणि तरीही बिळाकडे गेला नाही तर तिथून निघावं. १०० मिमी जास्त असलेल्या लेन्सचा उपयोग पक्ष्यापासून आणखी लांब थांबण्यासाठी करायचा असतो. माझ्या मते ही लेन्स विकत घेण्याचं सर्वांत चांगलं कारण हेच आहे.

ताडोब्यासाठी लेन्स घेणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. रस्त्यावर आडवा उभा वाघ शेपूट सोडून दोन मीटरच्या आत-बाहेर भरतो आणि जिप्सीपासून पंधरा मीटरवर असू शकतो. २०० मिमीला तो चौकटीत नीट बसतो, ६००ला फक्त तोंड येतं. म्हणून तिथे प्राइमपेक्षा झूम बरी, आणि तीही १०० किंवा २००पासून सुरू होणारी.

आता हात. सोनीची २००-६०० सुमारे २.१ किलो, निकॉनची १८०-६०० कॉलरशिवाय १.९५ किलो, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९३ किलो, कॅननची आरएफ २००-८०० दोन किलोच्या थोडी वर. त्यावर कॅमेऱ्याचं वजन. बांधावर ट्रायपॉड किंवा मोनोपॉड चालतो, पण ऐरोलीच्या बोटीत नाही, कारण इंजिनाची थरथर पायांतून थेट लेन्समध्ये चढते. बोटीत लेन्स हातातच धरावी लागते, कोपरही कठड्यावर टेकवू नयेत, आणि शटर १/१६००च्या खाली जाऊ देऊ नये. दहा मिनिटं धरून हात भरून येत असेल तर कॅननची आरएफ १००-५०० पाहावी. ती कॉलरशिवाय १.४ किलोच्याही आत आहे. लांब टोकाला f/७.१ होते हे तिचं उणं. क्रॉप सेन्सरवाल्यांना ६३५ ग्रॅमची आरएफ १००-४०० आहे. तिचं f/८ अंधारात लंगडं पडतं, पण खाडीवरच्या सकाळी ती रोज खांद्यावर असेल, आणि कपाटात पडून राहणाऱ्या दोन किलोंपेक्षा ती केव्हाही चांगली. सोनी आणि निकॉनच्या झूमचा आणखी एक गुण असा की झूम करताना नळी बाहेर येत नाही. वजनाचा तोल ढळत नाही आणि मनगटाच्या एका वळणात २००वर पक्षी शोधून ६००वर जाता येतं. उडता रोहित पकडायचा असेल तर हीच रीत. सुरुवातीलाच ६००वर डोळा लावला तर आभाळात नुसती शोधाशोध होते.

बाहेर येणाऱ्या नळीबरोबर दर वेळी बाहेरची हवाही आत ओढली जाते, आणि आपली हवा दमट, खारी. जुलै-ऑगस्टमध्ये बॅगेत तशीच पडलेली लेन्स ऑक्टोबरमध्ये काढली की आत जाळीसारखी बुरशी दिसते. लेन्सबरोबरच ड्राय कॅबिनेटचे पैसे बाजूला ठेवावेत. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राहिली की पुरे. ते नाही जमलं तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, फक्त जेल वेळोवेळी तापवून कोरडं करायला हवं. एसीच्या खोलीतून थेट खाडीवर गेलं की काच धुरकटते. निघण्याच्या अर्धा तास आधी बॅग एसीबाहेर ठेवावी.

नव्या मिररलेस झूमचा भाव झेपत नसेल तर निकॉनची २००-५०० किंवा सिग्मा-टॅमरॉनची १५०-६०० जुनी घ्यायला हरकत नाही. डीएसएलआरवाले मिररलेसकडे गेल्यामुळे फोर्टच्या बाजारात त्या भरपूर येतात. घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून पाहा: धुकं किंवा तंतू दिसले तर भाव कितीही कमी असो, सोडून द्या. लेन्स खाली झुकवून झूम आपोआप घसरते का बघा. समोरच्या इमारतीवरची पाटी लांब टोकाला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून टिपा आणि चारही कोपरे मोठे करून तपासा. एकच कोपरा सॉफ्ट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. आणि शक्य असेल तर त्याआधी तीच लेन्स दोन दिवस भाड्याने आणून दशमीच्या सकाळी चाणक्यच्या बांधावर वापरून पाहा.

पुढच्या भागात उडत्या थव्यासाठी ऑटोफोकसची मांडणी पाहू.