पाण्यात राहिलेलं कातडं

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर नशिराबाद लागतं. या टापूतली हवा कातड्याच्या जिवावरच उठलेली असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा औषधालाही उरत नाही. पुढे पाऊस धरला की कोनाड्यातल्या चपलेवर पाहता पाहता पांढरी बुरशी चढते. उन्हाळ्यात कोरडं पडून तडकायचं आणि पावसाळ्यात ओलं राहून कुजायचं, ही कातड्याची दोन्ही मरणं इथे एकाच वर्षात एकाच घरात पाहायला मिळतात. तरीही याच मुलखात पिढ्यान् पिढ्या बागायतीचं मुख्य यंत्र कातड्याचं होतं. ते दिवसभर विहिरीच्या पाण्यात बुडायचं, वर येऊन उन्हात पाणी ओतायचं आणि पुन्हा बुडायचं. ते यंत्र म्हणजे मोट. अस्सल चामड्याची निगा कशी राखावी हे समजून घ्यायचं तर बुटांच्या दुकानाआधी मोटेपाशी थांबायला हवं, असं मला वाटतं. इतक्या कठीण परीक्षेला कातडं दुसरीकडे क्वचितच बसलं असेल.

चालती मोट पाहिलेली माणसं आता वयस्क झाली आहेत, म्हणून तिची रचना सांगायला हवी. बैलाच्या किंवा म्हशीच्या जाड कातड्याची ही थैली. तिचं वरचं तोंड रुंद, लोखंडी कड्याला शिवलेलं, आणि खालचं टोक निमुळतं होत सोंडेसारखं लांबलेलं. सोंड दोन्ही बाजूंनी उघडीच असते. मोटेला दोन दोर लागतात. जाड दोर नाडा, तो वरच्या चाकावरून जाऊन मोटेचं वजन पेलतो. बारीक दोर सोंदूर, तो सोंडेचं टोक वर धरून ठेवतो, म्हणजे वर येताना पाणी सांडत नाही. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की मोट वर येते, सोंदूर सोंडेला पुढे ओढतो आणि पाणी आपोआप थारोळ्यात कोसळतं. तिथून ते पाटाने शेतात जातं. शे-दीडशे लिटर पाण्याची अशी खेप, आणि अशा खेपा दिवसभर. झडप नाही, खिळा नाही. सगळी करामत लवचीक कातड्याची. सोंड ताठ झाली तर ती दुमडणार नाही, आणि दुमडली नाही तर मोट वर येईपर्यंत निम्मी रिकामी होईल. याच जळगाव तालुक्यातलं असोदे हे बहिणाबाई चौधरींचं गाव. त्यांच्या कवितेत मोट येते यात नवल नाही. त्या काळी शेतकऱ्याच्या घरातलं धान्य मोटेवर अवलंबून होतं.

कातडं नरम राहतं ते कशामुळे, हे इथे पाहू. जनावराची कातडी म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं दाट विणकाम. कच्ची ठेवली तर ती सडते, वाळवली तर लाकडासारखी होते. कमावताना बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या पाण्यातलं टॅनिन या तंतूंना जाऊन चिकटतं आणि त्यांना सडण्यापासून वाचवतं. पण एवढ्याने कातडं नरम होत नाही. तंतू एकमेकांवरून सरकायला हवेत, आणि त्यासाठी मध्ये काहीतरी वंगण हवं. ओलं असताना ते काम पाणी करतं. पाणी उडून गेलं की तेलाने करायचं. मोटेला करंजाचं किंवा एरंडीचं तेल चोळायचे, ते याचसाठी.

यात एक बारकावा आहे. खडखडीत वाळलेल्या कातड्यावर तेल ओतलं तर ते वरच्या वर राहतं, किंवा एखाद्या जागी शोषलं जाऊन काळा डाग पडतो. चिंब ओल्या कातड्यात तेल शिरतच नाही. कातडं सावलीत सुकत आलेलं, हाताला गार लागणारं, पण थेंब न सोडणारं असतं, तेव्हा तेल लावायचं. मग उरलेलं पाणी जसजसं बाहेर पडतं, तसतशी त्याची जागा तेल घेतं. तेल कुठलं, हेही महत्त्वाचं. एरंडेल हवेत घट्ट होत नाही, म्हणून ते तंतूंमध्ये टिकून राहतं. जवसाचं तेल मात्र हवा लागली की कडक पापडी धरतं. लाकडाला ते चांगलं, कातड्याचा त्याने घातच होतो. करंजेल कडू, त्यामुळे किडीलाही ते नकोसं.

मोटेचा कच्चा भाग कड्याजवळचा. लोखंड, पाणी आणि सालीतलं टॅनिन एकत्र आली की निळा-काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच युक्तीने करत. तसाच काळेपणा कड्यालगतच्या कातड्यावर चढतो आणि तिथे ते हळूहळू ठिसूळ होतं. त्यामुळे शिवण तिथेच आधी सुटते. आज महागड्या बॅगेच्या बकलाभोवती काळं वर्तुळ दिसलं तर तेही बऱ्याचदा याच जातीचं असतं: ओल्या लोखंडाने पडलेलं. ते पुसून जात नाही. ओलं झालेलं बकल लगेच कोरडं करणं एवढाच त्यावर उपाय.

मोटेची निगा घरधनी एकटा करत नसे. मेलेलं जनावर ओढून न्यायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोर समाजाने, मोट आणि वहाणा शिवायच्या चर्मकाराने, अंबाडीचे दोर वळायचे मांगांनी, आणि मोट फाटली की ती सांधून द्यायचीही चर्मकारानेच. मोबदला म्हणून खळ्यावर बलुतं. ज्या हातांवर गावाची बागायत चालत होती, त्या हातांचा स्पर्श गावाला चालत नव्हता. त्याच मोटेचं पाणी पिकाला चालायचं, आणि ती शिवणाऱ्याला विहिरीवर मात्र मज्जाव. मोटेबद्दल हळवं होऊन लिहिताना हे विसरलं तर लेखणीला खोटेपणा चिकटतो. १९२७ च्या महाड परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढण्याचं काम सोडून द्यायचा आग्रह धरला, तो या अन्यायाच्या मुळावर घाव घालण्यासाठी. दुसऱ्या बाजूने, १९३४ साली वर्ध्याला सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने कातडं कमावणं हा प्रतिष्ठेचा उद्योग व्हावा असा प्रयत्न केला, आणि वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवलं. दोन वाटांपैकी मला बाबासाहेबांची अधिक खरी वाटते. कामाला मान देऊन भागत नाही, ते काम नाकारण्याची मोकळीक माणसाला आधी हवी. पण नालवाडीसारख्या प्रयोगांनी हे ज्ञान जातीच्या कुंपणाबाहेर काढून शिकण्याजोगं केलं, हेही तितकंच मोलाचं.

मोटेनेच भारतातल्या चामड्याला एक मोठं वळण दिलं, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचे प्रयोग केले. त्यांच्यासमोर प्रश्न होता विहिरीवरच्या मोटेचा: सालीने कमावलेलं कातडं सतत पाण्यात राहून लवकर खराब होतं, ते जास्त टिकवायचं कसं? क्रोमचं कातडं पाण्याला जास्त दाद देत नाही, आणि उष्णताही पुष्कळ सोसतं. आज आपल्या पायातल्या बुटांचं आणि खिशातल्या पाकिटाचं कातडं बहुतेक वेळा क्रोमचंच असतं. मोटा मात्र गेल्या. विहिरींवर आधी डिझेलची इंजिनं आली, मग वीज आली आणि पंप बसले.  धावेच्या जागी आता बांध आहेत.

कातड्याचे हे दोन प्रकार ओळखता आले तर निगेचं निम्मं काम झालं. सालीने कमावलेलं कातडं कापलेल्या कडेला आतपर्यंत तपकिरी दिसतं, पाण्याचा थेंब पडला की तिथे गडद होतं, वापराने रंग धरतं. कोल्हापुरी चप्पल हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. ती पावसात घालायची नाही, आणि भिजलीच तर तापलेल्या पत्र्यावर, चुलीपाशी किंवा गाडीच्या काचेखाली वाळवायची नाही. ओल्या अवस्थेत असं कातडं सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास आक्रसतं, आणि एकदा आक्रसलं की पूर्ववत होत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड या आकड्याच्या बराच जवळ जातो. क्रोमचं कातडं इतकं नाजूक नसतं. कडेला ते बऱ्याचदा निळसर-करडं दिसतं, आणि त्यावर रंगाचा थर असल्याने तेल चोळून फारसा उपयोग होत नाही. त्याला मऊ क्रीम थोडं, फडक्याने, पातळ लावायचं. पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण. ते वरून पाणी अडवतं आणि चमक देतं, कातड्याला आतून नरम करत नाही. वर्षानुवर्षं पॉलिशचे थर चढवलेला बूट पुढच्या घडीवर तडकतो तो यामुळेच. मधूनमधून जुने थर उतरवून आधी क्रीम द्यावं, मग पॉलिश.

पावसाळ्यासाठी एवढं पुरे: भिजलेल्या बुटाची नाडी काढा, आत कोरा कागद कोंबा (छापील कागदाची शाई फिकट अस्तराला लागते), पंख्याच्या वाऱ्याला सावलीत ठेवा, आणि एकच जोड रोज न घालता मध्ये एक दिवस सोडा, घामाचा ओलावा तेवढ्या वेळात निघून जातो. बॅगा प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा. बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा. आत झाडली तर तिचे बीजाणू कपाटभर पसरतात. तेलाचा अतिरेकही वाईट. जुन्या वस्तू सांभाळणारे संग्रहालयांतले जाणकार आता कातड्याला तेल लावायचं शक्यतो टाळतात, कारण जुनं तेल कालांतराने चिकट होतं, धूळ धरतं. त्यांचं म्हणणं काचेच्या पेटीतल्या वस्तूसाठी बरोबर आहे. रोज वाकणाऱ्या चपलेला, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांच्या पट्ट्याला मात्र वंगण लागतंच. पोळ्याला तो पट्टा माळ्यावरून काढताना वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या तर तेलाचा हात फिरवायला उशीर झालेला असतो.

आणखी एक फसवणूक सांगितली पाहिजे. ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असलेल्या पट्ट्यांत बऱ्याचदा कातड्याचा खालचा, सोललेला थर असतो आणि त्यावर प्लास्टिकचा लेप. काहींत चामड्याचा भुगा चिकटवलेला लगदा असतो. पूर्ण कृत्रिम चामड्याचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप तर दमट हवेत आपोआप तुटतो. न वापरता कपाटात ठेवलेली बॅग दोन-चार पावसाळ्यांनंतर पापुद्रे सोडू लागते. त्यावर तेल, क्रीम, मेण यांपैकी काहीच चालत नाही, कारण तिथे कातड्याचे तंतूच नसतात. खरेदीच्या वेळी कड पाहावी, मागची बाजू पाहावी, बोटाने दाबून पाहावं. खऱ्या कातड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात, लेपावर नुसता खड्डा पडतो.

एवढी काळजी घेऊनही शिवण सुटतेच. मग लागतो रस्त्याच्या कडेला रापी, आरी, ऐरण आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसलेला कारागीर. मोटेला जे हात लागायचे, त्यांतले हेच आता उरले आहेत, आणि दरवर्षी कमी होत आहेत, कारण डिंकाने चिकटवलेले तळ सहसा दुरुस्त होत नाहीत. त्यांच्याकडे माल न्यायचा तो फाटल्यावर नव्हे, दोऱ्याचा एक टाका उसवला की लगेच. एक टाका सुटला की शेजारच्या टाक्यांवर ताण येतो आणि ते कातडं कापत जातात. मग दोऱ्याचं काम राहत नाही, ठिगळाचं होतं. तळ बदलायचा असेल तर शिवलेलाच घ्या, आणि कारागिराला जुनी भोकं वापरायला सांगा. नवी भोकं पाडली की कड चाळणी होते, आणि तिसऱ्या तळाच्या वेळी टाका धरायला कातडंच उरत नाही. जाणता कारागीर हे न सांगताही करतो: आधी जुना दोरा हळूहळू ओढून काढतो, भोकं मोकळी करतो, कडेला थोडा ओलावा देतो आणि मगच आरी उचलतो.