प्लायवूडच्या शीटचा सरळ काप : हातातील गोल करवत आणि मार्गदर्शक पट्टी

प्रस्तावना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील सुतारकामाचे स्वरूप गेल्या काही दशकांत पालटले आहे. पूर्वी घरातील कपाट, देव्हारा, दिवाण यांसाठी सागवानाच्या अथवा आंब्या-फणसाच्या फळ्या वापरल्या जात. आज त्यांची जागा बहुतांशी प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ यांच्या शीटनी घेतली आहे. या पालटाने सुताराच्या हत्यारपेटीतील एका साध्या क्रियेला, म्हणजे सरळ कापाला, पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले. त्या कापाचे तंत्र आणि त्यातील धोका यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सुतार या व्यवसायाचे नावच सरळ रेषेशी बांधलेले आहे. संस्कृतातील ‘सूत्रधार’ या शब्दापासून ‘सुतार’ हा शब्द आला. सूत्र धरणारा तो सुतार. रंगात भिजवलेला दोरा लाकडावर ताणून धरायचा, मध्यभागी उचलून सोडायचा आणि उमटलेल्या रेघेवर करवत चालवायची, ही रीत आजही प्रचारात आहे. इंचाच्या आठव्या भागालाही कारागीर ‘सूत’ म्हणतात. ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार याच अनुभवातून आला असावा. शुल्बसूत्रांमधील ‘शुल्ब’ याचाही अर्थ दोरीच, आणि आयताच्या कर्णाचा जो सिद्धान्त बौधायनाने मांडला, तो यज्ञवेदीची आखणी दोरीने करणाऱ्यांच्या उपयोगाचा होता.

दोऱ्याने रेघ सरळ उमटते, परंतु काप सरळ होईलच असे नाही. भरीव लाकडाच्या काळात हा फरक फारसा जाणवत नसे. करवतीने थोडे जास्त ठेवून कापायचे व उरलेले रंध्याने सावरायचे, अशी कामाची पद्धत होती. प्लायवूडमध्ये ही सोय उरत नाही. त्यातील पापुद्रे एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असल्याने कोणत्याही कडेला रंधा लावला, तरी निम्मे पापुद्रे आडवे येतात व ढलप्या निघतात. वर सनमायका बसवलेला असेल, तर रंध्याचा प्रश्नच येत नाही. तात्पर्य, प्लायवूडवरील करवतीचा काप हाच अखेरचा काप असतो.

कापाची प्रत आणि पाणी

कडेच्या गुणवत्तेला कृष्णाकाठी आणखी एक संदर्भ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्यापूर्वी २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला. दिवसेंदिवस पाण्यात राहिलेल्या प्लायवूडची जी अवस्था होते, तिचे कारण त्यातील डिंकात असते. केवळ दमटपणा सोसणाऱ्या प्रतीच्या प्लायवूडमध्ये युरिया फॉर्माल्डिहाइड हे राळद्रव्य वापरलेले असते व ते दीर्घकाळ पाण्यात टिकत नाही. उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या प्रतीमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड असते. पार्टिकल बोर्ड तर फुगून भुगाच होतो; मग तो लाकडाच्या भुशाचा असो की उसाच्या बगॅसचा.

पुरात बुडालेले कपाट चांगल्या कापाने वाचते, असे म्हणता येणार नाही. मात्र रोजच्या ओलाव्याची, म्हणजे मोरीलगतच्या किंवा ओट्याखालच्या कपाटाची, गोष्ट निराळी आहे. शीटच्या पृष्ठभागापेक्षा तिची कापलेली कड कितीतरी अधिक पाणी ओढते. ती कड सपाट व अखंड असेल, तरच तिच्यावर पट्टी नीट चिकटते. वेड्यावाकड्या कडेवर डिंकाचा थर जाड-पातळ बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पट्टी सुटू लागते.

यंत्राची जात

हाताने धरून चालवण्याच्या विजेवरील गोल करवतीच्या जन्मकथेत ऊस येतो, ही गोष्ट कृष्णा खोऱ्यातील वाचकाला गमतीची वाटेल. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील एडमंड मिशेल यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी ऊसतोड मजुरांना कोयत्याने ऊस तोडताना पाहिले आणि कोयत्याला मोटर जोडण्याचा प्रयोग केला. त्याच विचारातून पुढे त्यांनी हातात धरण्याची गोल करवत तयार केली आणि १९२४ मध्ये जोसेफ सलिव्हन यांच्या साथीने तिच्या निर्मितीसाठी कंपनी निघाली. ऊसतोड कामगाराच्या हातात आजही बहुतेक ठिकाणी कोयताच आहे. करवत मात्र सुताराकडे गेली.

प्रचलित मोठ्या करवतीचे पाते सुमारे १८५ मि.मी. व्यासाचे असते आणि ते मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते. आपल्याकडील कारागिरांच्या हाती मात्र बहुधा ११० मि.मी. पात्याचे छोटे यंत्र दिसते. मुळात ते संगमरवर व फरशी कापण्यासाठी बनवलेले असून त्यात लाकडाचे दातेरी पाते बसवले जाते. त्याचे फेरे मिनिटाला १२ ते १३ हजार असतात. परिघाच्या गणिताने पाहिल्यास मोठ्या करवतीचा दाता सेकंदाला सुमारे ४८ मीटर वेगाने धावतो, तर छोट्या यंत्राचा सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० कि.मी. वेगाने. छोटे यंत्र हलके आहे म्हणून कमी धोक्याचे आहे, हा समज या एका आकड्याने दूर व्हावा. शिवाय मोठ्या करवतीला खालून आपोआप मिटणारे झाकण असते. फरशी कापण्याच्या यंत्राला ते नसते. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून अधिक असणे आवश्यक आहे. ग्राइंडरवर लाकडाचे दातेरी पाते चढवणे तर कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही.

हातातील गोल करवतीचे दाते पुढच्या बाजूने खालून वर येतात. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, ढलप्या शीटच्या वरच्या पृष्ठावर निघतात. म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवून कापावे. (टेबलावर बसवलेल्या करवतीत पाते खालून डोकावते व दिशा उलट असते, तेथे दर्शनी बाजू वर ठेवतात. दोन्ही यंत्रे वापरणाऱ्याची येथे हमखास गल्लत होते.) दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पात्याची मागची बाजू कापात आवळली गेली, तर फिरणारे पाते तेथे पकड घेते आणि संपूर्ण यंत्र उसळून कारागिराच्या दिशेने मागे येते. असे आवळणे दोन कारणांनी घडते : शीट मध्ये वाकून काप मिटतो, किंवा हात रेषेवरून ढळतो व पाते कापात तिरपे होते. मार्गदर्शक पट्टी दुसरे कारण नाहीसे करते. म्हणूनच ती केवळ सफाईचे साधन नसून सुरक्षेचेही साधन आहे.

पट्टीची रचना

सर्वांत साधी पद्धत म्हणजे एखादी सरळ पट्टी किंवा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप शीटवर आवळून त्याला टेकवून यंत्र चालवणे. यात यंत्राच्या तळपट्टीची कड आणि पात्याचा दाता यांतील अंतर दरवेळी मोजून रेषेपासून तितके मागे सरकावे लागते. ते अंतर समजा ३१ मि.मी. असेल आणि एका टोकाला ३१ व दुसऱ्या टोकाला ३३ मोजले गेले, तर काप सरळ होतो, पण तिरका. घाईच्या कामात अशा चुका वारंवार घडतात.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. ६ मि.मी. प्लायवूडचा सुमारे फूटभर रुंदीचा लांब तळ घ्यावा. त्यावर ९ किंवा १२ मि.मी. जाडीची तीन इंची पट्टी चिकटवून खालून स्क्रूने पक्की करावी. या पट्टीची जी कड यंत्राला टेकणार, ती शीटची कारखान्यातून आलेली मूळ कड असावी. मग यंत्र त्या कडेला टेकवून एकदा संपूर्ण लांबीवर चालवावे, म्हणजे तळाचा जादा भाग कापला जाईल. उरलेली तळाची कड हीच यापुढे पात्याची नेमकी वाट. पुढील प्रत्येक वेळी ती कड पेन्सिलीच्या रेघेवर ठेवली की मोजमाप संपले. तळ ढलप्यांनाही दाबून धरतो, हा आणखी एक लाभ. मात्र ही पट्टी एका यंत्रापुरती व एका पात्यापुरतीच खरी असते. कोणत्या यंत्रासाठी बनवली ते तिच्यावर लिहून ठेवणे शहाणपणाचे. जर्मनीत १९६० च्या दशकात यंत्राला बिलगून सरकणारे धातूचे रूळ याच तत्त्वावर बाजारात आले; तत्त्व तेच, किंमत मात्र अनेक पटींनी अधिक.

तळ पातळ का ठेवावा, याचे उत्तर छोट्या यंत्राच्या मर्यादेत आहे. ११० मि.मी. पाते जेमतेम ३० मि.मी. च्या आसपास खोल जाते. १८ मि.मी. शीट, ६ मि.मी. तळ आणि खाली दात्यांना बाहेर पडण्यासाठी आणखी ६ मि.मी. धरले, की मर्यादा संपलीच. १२ मि.मी. चा तळ घेणाऱ्याला हे काप अर्धवट राहिल्यावर कळते.

पट्टी खरोखर सरळ आहे का, हे पाहण्याची रीतही सोपी आहे. तिच्या कडेने रेघ ओढावी, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांना टेकवावी व पुन्हा रेघ ओढावी. दोन रेघांच्या मध्ये जी फट दिसेल, ती पट्टीतील दोषाच्या दुप्पट असते. पट्टी कापाच्या लांबीपेक्षा दोन्ही टोकांना वीतभर जास्त हवी. पाते लाकडात शिरण्यापूर्वी यंत्राला आधार मिळाला पाहिजे आणि बाहेर पडेपर्यंत तो सुटता कामा नये. ८ फुटी शीटमधून ९ फुटी पट्टी निघत नाही, ही अडचण खरी. लांब कापासाठी म्हणूनच अॅल्युमिनियमचा पाइप बरा पडतो.

आखणी व आधार

बाजारातील शीट ८ × ४ फूट, म्हणजे २४४० × १२२० मि.मी. असते. ती गुण्यात आहे असे गृहीत धरू नये. तिचे दोन्ही कर्ण मोजावेत; प्रत्येक सुमारे २७२८ मि.मी. भरला पाहिजे. रुंदीच्या कडेत एक सूत, म्हणजे सुमारे ३ मि.मी. तिरकेपणा असेल, तर दोन कर्णांत सुमारे ५ मि.मी. फरक पडतो. गुण्याच्या छोट्या भुजेवर जी चूक डोळ्यांना दिसत नाही, ती कर्णाच्या मापात अशी मोठी होऊन दिसते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पात्याने खाल्लेली जागा विसरणे. पात्याचा काप सुमारे अडीच मि.मी. रुंद असतो. ४ फुटी रुंदीतून दोन फुटी दोन पट्ट्या काढू, असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक ६०९ मि.मी. पेक्षा किंचित कमीच भरते. चार पट्ट्या हव्या असतील, तर तीन कापांत साडेसात मि.मी. जातात व प्रत्येक पट्टी ३०३ मि.मी. ची होते, ३०५ ची नव्हे. म्हणून कपाटाची मापे ठरवतानाच हे वजा धरावे. मार्गदर्शक पट्टी ठेवावयाच्या तुकड्यावर असावी. म्हणजे काप टाकाऊ बाजूस पडतो.

आधाराचा विचार पट्टीइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडील सुतार बहुधा जमिनीवर शीट टाकून, एक पाय तिच्यावर दाबून कापतो. दोन टोकांना दोनच रिपा ठेवल्या, तर शीट मध्ये वाकते, काप मिटतो आणि पाते आवळते. चार सारख्या जाडीच्या रिपा कापाला समांतर ठेवाव्यात, दोन या बाजूस व दोन त्या बाजूस. मग अखेरच्या क्षणी कोणताही तुकडा खाली लोंबकळत नाही. पट्टी दोन शिकंज्यांनी आवळावी व शिकंज्याची मूठ मोटरच्या वाटेत येणार नाही, हे यंत्र बंद ठेवून एकदा सरकवून पाहावे. पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडात घालावे. मध्येच थांबावे लागल्यास यंत्र मागे न ओढता जागीच बंद करावे आणि पाते स्थिर होईपर्यंत उचलू नये. दोन्ही हात यंत्रावर राहिले, तर बोट पात्याखाली जाण्यास वावच उरत नाही. आणि दोन्ही हात मोकळे राहतात ते पट्टी आवळलेली असल्यामुळेच. हाताने पट्टी दाबून धरणारा कारागीर पट्टीचा अर्धा लाभ गमावतो.

धुळीविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली. बंद खोलीत एमडीएफ कापताना तोंडाला रुमाल बांधणे हा उपाय नव्हे. मास्क हवा आणि शक्य तेथे काम अंगणात व्हावे.

कारागिराचे नुकसान

ग्रामीण व्यवस्थेत सुतार हा बलुतेदारांपैकी एक होता आणि नांगर, कुळव, गाडीची चाके ही त्याची कामे होती. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड येथे किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील लोखंडी नांगराने त्यातील एक काम घेतले. पुढे सुतार घरकामाकडे व फर्निचरकडे वळला. आज तो बहुधा ठेक्यावर, चौरस फुटाच्या दराने काम करतो. झाकण काढून ठेवणे, पट्टी न आवळणे या सवयी अज्ञानातून जितक्या येतात, तितक्याच या दरातूनही येतात. पट्टी लावण्यात गेलेली पाच मिनिटे मोजमापाच्या वहीत कोठेच लिहिली जात नाहीत.

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के व संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के धरलेली होती. सुताराचा उजवा अंगठा गेला, तर गुण्या धरणे, पेन्सिल चालवणे, स्क्रू बसवणे यांपैकी काहीही पूर्वीसारखे राहत नाही. शिवाय भरपाई मागायची ती मालकाकडे, आणि ठेक्यावर एकट्याने काम करणाऱ्याला असा मालक दाखवता येत नाही.