कुत्रा चावण्यापूर्वी काय सांगतो?

खळ्याची राखण, गोठ्याची सोबत आणि धनगरांच्या मेंढ्यांचे लांडग्यापासून रक्षण, ही कामे कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ते शेपूट काय सांगते, इकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. 'कुत्रा अचानक चावला' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा त्याने आधी इशारा दिलेला असतो. तो ओळखला गेलेला नसतो.

राग आणि आनंद

चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या खुणांचे बारकाईने वर्णन केले आहे. परक्या माणसावर चालून जाणारा कुत्रा ताठ पावले टाकतो. त्याची शेपटी वर व ताठ असते, मानेवरील व पाठीवरील केस उभे राहतात, कान पुढे वळतात आणि नजर रोखलेली असते. समोरचा मनुष्य आपला धनीच आहे, हे कळताच सारे उलट होते. अंग खाली झुकते व वळवळते, केस बसतात, कान मागे सैल पडतात आणि शेपटी मोकळेपणाने हलू लागते.

केवळ शेपटी हलते म्हणून कुत्रा खूष आहे, असे मात्र समजू नये. उंच व ताठ धरलेली शेपटी भराभर थरथरत असेल, तर ते उत्तेजित झाल्याचे लक्षण होय.

भीतीच्या खुणा

पायांत घातलेली शेपटी सर्वांच्या ध्यानात येते. परंतु झोप नसता जांभई देणे, वारंवार नाक चाटणे, तोंड फिरविणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, याही अस्वस्थतेच्या खुणा आहेत. भ्यालेल्या कुत्र्याला पळण्यास वाट नसेल, तर तो चावतो. साखळीने बांधलेल्या कुत्र्याची हीच स्थिती असते.

गुरगुरणे हा स्पष्ट इशारा आहे. त्याबद्दल कुत्र्यास मारू नये. मार खाऊन गुरगुरणे सोडलेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावण्याचा संभव असतो.

मुलांना काय शिकवावे?

खाणाऱ्या, झोपलेल्या अथवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. कुत्रा अंगावर आल्यास पळू नये; हात अंगालगत ठेवून स्तब्ध उभे राहावे व त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवू नये. खाली पडल्यास अंग आखडून मान व कान हातांनी झाकावेत.

पिसाळल्याचा संशय

कुत्र्याचा स्वभाव एकाएकी पालटला, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, चाल लटपटू लागली किंवा खालचा जबडा लोंबू लागला, तर त्याच्या जवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी व सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून पाळीव कुत्र्यांनाही दरवर्षी लस टोचून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती शाळेत व ग्रामसभेत सांगावी. कुत्र्याची खूण वेळीच ओळखून मूल दोन पावले मागे सरले, तर पुढील अनर्थ टळतो.