लाल गोळी डब्यात नको, पोटात हवी

रत्नागिरीतल्या कोणत्याही वाडीत जा. घरातली बाई पहाटे उठून पाणी भरते, चूल पेटवते आणि लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून राबते. संध्याकाळी घाटी चढताना तिला धाप लागते. ‘कामाने दमले’ असे ती म्हणते आणि आम्ही घरातली माणसे ते खरे मानतो. पण तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग अनेकदा पांढुरका दिसतो. हा नुसता थकवा नव्हे, रक्तक्षय असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला.

रक्त कमी का होते?

हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांत ते खर्च होते. नुसत्या भातावर ती भर निघत नाही. त्यातून घरात बाई सर्वांत शेवटी जेवते. मासळीचा तुकडा तिच्यापर्यंत उरेलच असे नाही. अनवाणी चिखलात राबताना हुकवर्म जातीचे जंत पायातून शिरतात व आतड्यात रक्त शोषतात. गरोदर बाईचे रक्त आधीच कमी असेल, तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो.

गोळी कशी घ्यावी?

लोहाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. रक्त कमी असल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, सोबत फॉलिक ॲसिडही असते. त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या इंग्रज डॉक्टर लूसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड, हे पुढे कळले.

पण कितीतरी घरांत या गोळ्या फळीवरच्या डब्यात पडून असतात. शौचास काळी होते, मळमळते, पोट साफ होत नाही, म्हणून बाई त्या सोडते. काळी शौचास लोहामुळे होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून निजताना गोळी घ्यावी. बाळ काळे होते, ही समजूत खोटी आहे. गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. लिंबू, आवळा, पेरू, हंगामात काजूचे बोंड खावे. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते.

बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका. हिमोग्लोबिन पुरेसे झाल्यावरही सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात, तेव्हा अंगात लोहाचा साठा होतो. महिनाभरात हिमोग्लोबिन वाढले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे दुसरे कारण असू शकते. गरोदरपणी ते ७ च्या खाली असेल तर रुग्णालयातच जावे. लहान मुलांच्या हाती मात्र गोळ्या लागू देऊ नका. जास्त गेल्यास जीव जाऊ शकतो.

बंधूंनो, आज रात्री घरातला तो डबा उघडून पाहा. गोळ्या उरल्या असतील तर का उरल्या ते विचारा. आणि जेवायला बसताना तिचेही पान आपल्याबरोबर वाढा.