पाचला बंद होणारा मदतकक्ष

मूडल ही अभ्यासक्रम चालविण्याची संगणकप्रणाली ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी घडविली. तिची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. परवान्याचे पैसे लागत नाहीत म्हणून विद्यापीठे ती झटपट स्वीकारतात. कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन होते, पुष्पगुच्छ दिले जातात आणि काम संपले असे समजले जाते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००५ मध्ये मूडल निवडली, पण सोबत स्वतःचे तंत्रज्ञही कामाला लावले.

प्रणाली फुकट असली तरी माणसे फुकट मिळत नाहीत. स्वाध्यायाची मुदत रात्री बाराला संपते आणि मदतकक्षाला पाचलाच कुलूप लागते. पासवर्ड अडला तर दिवसभर राबून घरातल्या एकुलत्या मोबाईलवर शिकणाऱ्या आपल्या वस्तीतल्या पोराने विचारायचे कुणाला? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग भरविले. तिथे घड्याळ विद्यार्थ्याचे होते!

'स्वाध्याय सादर केला नाही' हा शेरा विद्यार्थ्याच्या माथी बसतो. परंतु फसलेल्या लॉगिनचीही नोंद प्रणालीत होते, आणि वकिलाच्या नजरेने तो पुरावा आहे. विद्यार्थी संघटनांनी माहिती अधिकारात विचारावे : एकदाही लॉगिन न झालेले विद्यार्थी किती? तक्रारी किती आल्या आणि किती तासांत सुटल्या?